कॅनडात मन लागत नाही: पासपोर्टपर्यंत थांबावं की परतावं?

पीआर (कायम राहण्याचा परवाना) घेऊन कॅनडात आलेल्या बऱ्याच मराठी घरांत दुसरा हिवाळा सरला की एकच वाद सुरू होतो. एकजण म्हणतो, सिटिझनशिप होईपर्यंत कळ काढू. दुसऱ्याचं म्हणणं, कशासाठी? भांडण्याआधी एक हिशेब करा: आजवर प्रत्यक्ष कॅनडात किती दिवस राहिलात?

नागरिकत्वासाठी अर्जाच्या आधीच्या ५ वर्षांत १,०९५ दिवस तिथे राहिलेलं असावं लागतं. पीआरआधी स्टडी किंवा वर्क परमिटवर असाल, तर तो प्रत्येक दिवस अर्धा धरतात आणि असे जास्तीत जास्त ३६५ दिवस मिळतात. पीआर टिकवायला मात्र ५ वर्षांत ७३० दिवस पुरतात. म्हणजे पीआर झाल्यावर सलग दोन वर्षं राहून परतलेल्याची पीआर विमानात बसल्याबरोबर जात नाही. तीनेक वर्षांची सवड उरते. तेवढ्यात भारतात नोकरी करून पाहता येते, आईवडिलांजवळ राहून पाहता येतं. फक्त नागरिकत्वाच्या हिशेबातले जुने दिवस एकेक करून गळत जातात. म्हणून अडीच वर्षं झालेल्याने उरलेले महिने काढावेत, असं मला वाटतं. सहा महिन्यांत कंटाळलेल्याला हाच सल्ला मी देणार नाही.

पण निराशा नेमकी कशाची आहे?

कामाची असेल तर थांबण्याकडे माझा कल आहे. डब्ल्यूईएस या परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेने पदवी कॅनडातल्या पदवीच्या तोडीची ठरवली, की आता नोकरी आलीच असं लोक धरून चालतात. ते मूल्यमापन इमिग्रेशनच्या गुणांना कामाला येतं. डॉक्टर, नर्स, शिक्षक यांना प्रांताचं लायसन्स वेगळं काढावं लागतं. जिथे लायसन्स लागत नाही तिथे ‘कॅनेडियन एक्सपिरियन्स’, म्हणजे कॅनडातल्याच कामाच्या अनुभवाची अट, आडवी येते. ऑन्टारिओच्या मानवी हक्क आयोगाने २०१३ मध्येच ही अट सकृद्दर्शनी भेदभाव असल्याचं म्हटलं, आणि तिथल्या इंजिनिअरांच्या नियामक संस्थेने २०२३ मध्ये ती लायसन्सच्या अटींतून काढूनही टाकली. मुलाखत घेणाऱ्यांच्या मनातून ती इतक्या लवकर निघत नाही, हे वेगळं. तरी ही अडचण पहिल्या बऱ्या नोकरीनंतर सैल होते. ती टोरांटोच्या आसपासच मिळावी हा हट्ट मात्र सोडा. पीआरवर कुठल्याही प्रांतात जाऊन काम करता येतं, आणि मराठी मंडळी हे सर्वांत उशिरा करून पाहतात. गोदामात रात्रपाळी करत तीन वर्षं नुसती मोजत बसणं याला थांबणं म्हणत नाहीत. रिझ्युमेवर तेवढी वर्षं वाया जातात आणि परतल्यावरही ती आड येतात.

एकटेपणाची असेल, नवराबायकोपैकी एकजण घरात कोंडला गेला असेल, तर पासपोर्ट हा त्यावरचा उपाय नव्हे. अशा वेळी परतणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

शिवाय पासपोर्ट फुकट नाही. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही; कॅनडाचं घेतलंत की भारतीय पासपोर्ट जमा करायचा आणि ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं कार्ड) काढायचं. त्यावर आयुष्यभर भारतात ये-जा करता येते, राहता येतं, पण मतदान नाही. वडिलोपार्जित शेतजमीन वारसाने मिळेल, नवी विकत घेता येणार नाही. ज्याला पुढेमागे गावाकडे शेती करायची आहे, त्याने हे आज विचारात घ्यावं.

परतणाऱ्यांनी कराची बाजूही पाहावी. कॅनडाचं कर-निवासीपण (करासाठी तिथले रहिवासी असणं) संपताना शेअरसारखी काही मालमत्ता त्या दिवशी विकली असं धरून नफ्यावर कर लावतात. गेल्या १० वर्षांत एकूण ६० महिने किंवा त्याहून कमी काळ तिथले कर-निवासी असाल, तर येण्याआधीपासून तुमच्याकडे असलेली मालमत्ता यातून वगळली जाते. म्हणजे पुण्यातला जुना फ्लॅट सुटतो. तिथे आल्यावर घेतलेले शेअर सुटत नाहीत. तिकीट काढण्याआधी कर सल्लागाराला गाठा आणि पीआर स्वतःहून सोडून देण्याच्या अर्जावर घाईने सही करू नका.