साताऱ्यात शिवून घेतलेला पक्षीनिरीक्षणाचा पोशाख

सातारा शहरात राजवाड्याच्या परिसरातील एका जुन्या शिलाईच्या दुकानातून मी पक्षीनिरीक्षणासाठी पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पँट असा जोड शिवून घेतला आणि संपूर्ण हिवाळाभर तो मायणी, येरळवाडी व सागरेश्वर या भागांत वापरला. बाजारात तयार मिळणाऱ्या पानापानांच्या नक्षीच्या कपड्यांपेक्षा हा साधा, एकरंगी जोड छायाचित्रकाराच्या कितीतरी अधिक उपयोगाचा आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

रंगाची निवड आपल्या जिल्ह्यात सोपी नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी 5000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडच्या माण-खटावकडे तो 500 मिलिमीटरच्या आसपास असतो. त्यामुळे पश्चिमेकडे शोभणारा गर्द हिरवा शर्ट नोव्हेंबरनंतर वाळलेल्या माळावर लांबूनच डोळ्यांत भरतो. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशींचे 3 प्रकार असतात, बहुतेक पक्ष्यांच्या डोळ्यात 4 असतात, आणि अनेक पक्ष्यांना अतिनील प्रकाशही दिसतो. मी मातकट खाकी रंगाचे सुती ड्रिल कापड निवडले आणि ते साध्या साबणानेच धुतो, कारण कपडे उजळ करणाऱ्या पावडरीतील द्रव्ये अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात आणि कापडाला नको असलेली चमक येते. लष्करी गणवेशासारखे कापड मात्र कोणीही घेऊ नये; भारतीय लष्कराने 2022 मध्ये आणलेली नवी नक्षी सैनिकांसाठीच आहे, आणि पक्षी पाहायला तिची गरजही नाही.

खरे कौतुक करायचे ते शिलाईचे. मास्तरांनी माप घेताना मला कॅमेरा डोळ्याला लावल्यासारखे दोन्ही हात वर धरायला सांगितले, आणि शर्ट कमरेतून वर ओढला जातो हे पाहून काखेत कळी, म्हणजे जोडकापडाचा छोटा तुकडा, घालण्याचे स्वतःच सुचवले. त्या चिमूटभर कापडाने मोठा फरक पडला आहे: जड लेन्स कितीही वेळ उचलून धरली, तरी काखेत काचत नाही आणि पाठ उघडी पडत नाही. बटणांवर झाकपट्टी घेतल्यामुळे गळ्यातील पट्टा त्यांत अडकत नाही आणि छातीवर टेकलेल्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर ओरखडे उठत नाहीत. छातीवर खिसा नाही, कारण शेकाट्याचे छायाचित्र त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून घ्यायचे तर तळ्याकाठी पालथे पडावे लागते आणि खिशातील प्रत्येक वस्तू बरगडीला टोचते. खिसे मांड्यांवर आहेत आणि त्यांना काज-बटण आहे. चिकटपट्टीचा (वेल्क्रोचा) चर्र आवाज टिटवीला उडवून लावायला पुरेसा असतो, आणि एकदा टिटवी ओरडली की आजूबाजूचे सारे पक्षी सावध होतात, हे माळावर फिरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

उणिवाही आहेत. मार्चनंतर दुपारी हे कापड उकडते, आणि भिजले तर लवकर वाळत नाही. कुसळे तयार कपड्यांच्या गुळगुळीत कापडापेक्षा यात जास्त रुततात. पायमोज्यांवरून घट्ट बांधता येईल अशी नाडी पँटच्या तळाशी हवी होती. पँटच्या गुडघ्यांवर दुहेरी कापड नसल्याने तेथे रंग विटू लागला आहे. बाभळीच्या काट्यांनी बाहीवर दोन-तीन ठिकाणी धागे ओढले गेले, पण कापड कोठेही फाटले नाही आणि दुहेरी टीप उसवलेली नाही.

कापड आणि शिलाई मिळून सुमारे 2100 रुपये खर्च आला. लग्नसराईत दुकानात गर्दी असल्यामुळे ठरलेल्या दिवसापेक्षा जोड उशिरा मिळाला, त्यामुळे हिवाळी पाहुणे पक्षी येण्याआधी कपडे हवे असतील, तर दिवाळीपूर्वीच माप द्यावे. कापण्यापूर्वी कापड भिजवून घ्यायला आवर्जून सांगावे, कारण सुती ड्रिल पहिल्या धुण्यात आटते. पावसाळ्यात कास-बामणोलीकडे जाणाऱ्यांनी हा जोड शिवू नये. त्यांना लवकर वाळणारे, शेवाळी रंगाचे पातळ कापडच सोयीचे पडेल, मात्र काखेतील कळी आणि झाकपट्टी त्यातही घालून घ्यावी.