उन्हाळी फुलांचं मिश्र पाकीट : नागपूरच्या गच्चीवरचे पाच महिने

जानेवारीअखेर १२० रुपयांना बियांचं पाकीट घेतलं. जिनिया, गलांडा, कॉसमॉस, चिनी गुलाब, सगळं एकत्र. मागे सूचना एकच : बी अर्धा सेंटीमीटर खोल पेरा.

घोळ इथेच झाला. जिनियाला ती खोली बरोबर, पाचव्या दिवशी कोंब वर. चिनी गुलाबाचं बी मात्र रव्याहून बारीक आणि त्याला रुजायला उजेड लागतो. मातीखाली गाडलं ते गेलंच. पाकीट आधी चहाच्या गाळणीतून चाळून बारीक बी वेगळं काढायला हवं होतं, हे मार्चमध्ये सुचलं! शेवटी शेजारच्या काकूंकडून चिनी गुलाबाच्या चार काड्या आणून खोचल्या. आठवड्यात धरल्या. काकू या झाडाला 'ऑफिस टाइम' म्हणतात. फूल सकाळी उघडतं, दुपारनंतर मिटतं.

जिनिया मार्चअखेर फुलला. शेंडे वेळेवर खुडले म्हणून झाडं पसरली, नाहीतर एका दांड्यावर एकच फूल मिरवतं. कॉसमॉसला मी लाडाने शेणखत जास्त घातलं. छातीएवढा वाढला, फुलं मोजून सात. चूक माझी.

एप्रिलमध्ये पानांच्या कडा जळू लागल्या. ऊन म्हणून हिरवी जाळी बांधली, फरक शून्य. मग मातीवर पांढरा थर दिसला. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून मी रोज कुंड्यांना घालत होतो. कूलरमध्ये पाणी उडून जातं, क्षार टाकीतच साठत राहतात. ते बंद केलं, साधं पाणी भरपूर ओतून माती दोनदा धुतली. नवी पानं स्वच्छ आली. आमच्याकडे घरोघरी कूलर, तेव्हा हे लक्षात ठेवा.

नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, खरा टिकला गलांडा. काळ्या प्लास्टिक पिशवीतली दोन झाडं मुळं तापून गेली, मातीच्या कुंडीतली सगळी जगली. सकाळी एकदा पाणी, बस्स. सुकलेली फुलं काढत गेलो की नवी येत राहिली.

जूनच्या दुसऱ्या पावसानंतर जिनियावर भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) आली, उपटून टाकला.

पाकिटाला पाचापैकी अडीच. बियांची उगवण चांगली, पण असं मिश्रण विकणं चूक. पुढच्या जानेवारीत जिनिया सुटा घेईन. गलांड्याचं बी घरचंच, पेपरच्या पुडीत बांधून ठेवलंय.