ई-कचरा पिकअप सर्व्हिस, भांडुप: ३ स्टार, तेही पोरांना

नाव मुद्दाम लिहीत नाही, भांडायचं नाहीये. आमचा भांडुपला गाळा आहे, मोटर रिवाइंडिंगचं काम. माळ्यावर कित्येक वर्षांचं भंगार, जुने यूपीएस, पन्नासेक हार्ड डिस्क, ई-स्कूटरच्या चाकात बसणाऱ्या दोन जळक्या हब मोटर. नाक्यावरचा भंगारवाला सगळं लोखंडाच्या भावात नेतो म्हणून यांचं ऑनलाइन बुकिंग केलं.

पोरं वेळेवर आली, लिफ्ट बंद होती तरी कुरकुर नाही, माझ्यासमोर काटा लावला, पैसे लगेच जीपेवर. इथपर्यंत झकास.

पण सगळं एकाच गोणीत कोंबायला लागले. म्हटलं अरे डिस्क आणि मोटर वेगळ्या ठेवा, आत मॅग्नेट आहेत. तर म्हणे "काका, पुढे मशीनमध्येच जातं ना सगळं." अरे तिथेच तर घोळ आहे! श्रेडरमध्ये, म्हणजे तुकडे करणाऱ्या मशीनमध्ये गेलं की निओडिमियम या रेअर अर्थ धातूच्या मॅग्नेटचा चुरा लोखंडाला चिकटतो आणि लोखंडाबरोबरच भट्टीत जातो, विषय संपला. मी तिथेच एक डिस्क खोलली, टॉर्क्सचा छोटा स्क्रू ड्रायव्हर लागतो, आत पत्र्यावर चिकटवलेले दोन वाकडे चकचकीत तुकडे, बिस्किटाच्या तुकड्याएवढे, आणि दोघांच्या मधे बोट सापडलं की आई आठवते (मला आठवली).

याच तुकड्यांपायी आपण चीनच्या तोंडाकडे बघतो. एप्रिल २०२५ ला त्यांनी सात रेअर अर्थ आणि त्यांच्या मॅग्नेटवर एक्स्पोर्ट लायसन्स लावलं आणि इथे बजाजला चेतक ई-स्कूटरचं प्रोडक्शन कमी करावं लागलं. रेअर अर्थवाली वाळू आपल्याच केरळ-ओडिशाच्या किनाऱ्यावर आहे, ती काढणाऱ्या आयआरईएल या सरकारी कंपनीचं मुख्य ऑफिस तर प्रभादेवीला, पण मॅग्नेट बाहेरून. आता नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने ७,२८० कोटींची स्कीम मंजूर केलीय, वर्षाला ६,००० टन मॅग्नेट इथेच बनवायला. चांगलंय, पण कारखाने उभे राहीपर्यंत माळ्यावरचं तरी भट्टीत घालू नका की.

माल पुढे कुठल्या रिसायकलरकडे जातो, सर्टिफिकेट मिळेल का, असं त्यांच्या ऑफिसला व्हॉट्सॲपवर विचारलं. "नोटेड सर" आणि अंगठा. आठवडा झाला.

यूपीएस दिले, डिस्क आणि हब मोटर परत माळ्यावर चढवल्या. वेगळी गोणी घेऊन या, चौथा स्टार लगेच देतो.