बाण की गोळी? विस्कॉन्सिनमधल्या पहिल्या हंगामाआधी

शिकारीचा कोर्स झालाय, हरणाचा परवाना काढायचाय आणि धनुष्य घ्यावं की रायफल इथे गाडी अडलीय, अशी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनच्या आसपासची मराठी माणसं हल्ली वर्षाला एक-दोन तरी भेटतात. इथल्या पोरांना हे आजोबा सांगतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा शब्द फक्त पोलीस-बातमीत उरला, त्यामुळे विचारायला काका-मामा नसतात. मी पाच हंगाम धनुष्याने काढले आणि नंतरचे चार रायफलने. तेवढ्या भांडवलावर लिहितोय.

धनुष्याच्या बाजूने बोलायचं तर बोलण्यासारखं भरपूर आहे. सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत हंगाम असतो, म्हणजे एखादा शनिवार मुलाच्या फुटबॉलमध्ये गेला तरी जीव जळत नाही. ऑक्टोबरात मेपल लाल झालेला असतो, रानात चिटपाखरू नसतं आणि तुम्ही मचाणावर. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात नर माजावर येतात, भर दुपारी भान विसरून हिंडतात. हा सगळा काळ धनुष्यवाल्यांच्या वाट्याला येतो. रायफलवाले येतात तोवर तो भर ओसरायला लागलेला असतो. शिवाय वीस-पंचवीस यार्डांवर जनावर येऊ द्यायचं म्हणजे वारा कुठून आहे, आपला वास कुठे चाललाय, सावली कुठे पडतेय, हे सगळं शिकावं लागतं. मला रान जे काही कळलं ते त्या पाच वर्षांत.

रायफलचे दिवस नऊच. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारपासून नंतरच्या रविवारपर्यंत. पाच लाखांहून जास्त माणसं रानात उतरतात, कमरेच्या वरचे निम्मे तरी कपडे भगभगीत नारिंगी किंवा गुलाबी असावे लागतात आणि पहिल्या दिवशी पहाटे जो आवाज सुरू होतो तो ऐकून लक्ष्मीपूजन आठवतं. थंडीबद्दल बोलत नाही, तुम्ही इथे राहता. सरकारी जमिनीवर बसलात तर कुणीतरी अनोळखी टोळकं जनावरं उठवायला सरळ हाका काढत तुमच्या अंगावर येतं. मराठीत याला हाका म्हणतात हे मी एकाला सांगितलं, त्याला शब्द फार आवडला. बसला मात्र माझ्याच मचाणाखाली.

ज्यांचं अजून ग्रीन कार्ड झालेलं नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट मधेच सांगून टाकतो. एच-वन-बीसारख्या व्हिसावर बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याने बंदी आहे, पण वैध शिकार-परवाना हातात असेल तर अपवाद आहे. धनुष्याला हा प्रश्नच येत नाही. बरेच जण केवळ यामुळे धनुष्य घेतात. कारण अगदीच चुकीचं नाही, पण परवान्याने दार उघडतं हे माहीत असू द्या, आणि आपल्या वकिलाला एकदा विचारून घ्या.

आता माझं कुठे बिनसलं ते.

पाचवा हंगाम, ऑक्टोबरचा शेवट, इथल्याच आयोवा काउंटीतल्या टेकड्यांमध्ये ओळखीच्या एका शेतकऱ्याची जमीन. दिवस मावळताना एक मादी चोवीस यार्डांवर येऊन उभी राहिली. उभी चांगली होती, मी ओढलं, सोडलं. आता, बाण कितीही वेगवान असला तरी दोरीचा आवाज त्याच्या तिप्पट-चौपट वेगाने पोचतो. सावध हरीण तेवढ्यात उसळी घ्यायला आधी खाली दबतं आणि वळतं. ती वळली. बाण फुप्फुसात जायचा तो पोटात गेला. खाली उतरून बाण पाहिला तर गुलाबी फेस नाही, हिरवट घाण आणि वास. ज्यांनी माग काढलाय त्यांना पुढचं सांगायला नको. फुप्फुसाला लागलं तर अर्ध्या तासाने निघायचं, यकृताला लागलं तर चार-सहा तासांनी, पोटाला लागलं तर आठ तास तरी जनावराला उठवायचंच नाही. उठवलं की ते मैलभर जातं आणि कायमचं हातचं जातं.

म्हणजे रात्रभर थांबणं आलं. त्यातून रक्ताचे थेंब कुंपणापलीकडे गेलेले. इथे जखमी जनावर आणायलासुद्धा दुसऱ्याच्या जमिनीत परवानगीशिवाय पाय टाकता येत नाही. शेजाऱ्याला फोन केला, तो म्हणाला, सकाळी या. मी गाडीत बसून राहिलो. अकराच्या सुमाराला कायोटी, म्हणजे इथले कोल्ह्यासारखे रानकुत्रे, ओरडायला लागले, आधी एक, मग पाच-सहा, सगळे एकाच दिशेला. मग एकदम गप्प झाले. त्या गप्प होण्याचा अर्थ कळायला अनुभव लागत नाही.

सकाळी मादी सापडली ती दोनशे पावलांवर. मागचे दोन्ही पाय खाल्लेले, पोट उघडं. पाठीचे पट्टे तेवढे निघाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत नोंदणी करावी लागते, ती केली, परवान्यावरचा एका हरणाचा टॅग तिच्यावर घातला. शेजारी समजुतीने म्हणाला, म्हणूनच दिसेल तो कायोटी टिपायचा. कायदा त्याच्या बाजूने आहे. इथे कायोटीला ना बंद हंगाम, ना संख्येची मर्यादा. पण मला काही त्या कायोटींचा राग आणता आला नाही. रात्रभर ताट वाढून ठेवलं होतं मी.

भक्षकांबद्दलची ही चिडचिड तुम्हाला प्रत्येक हंगामात ऐकू येईल. दक्षिणेत कायोटीच्या नावाने, उत्तरेत लांडग्याच्या. कायोटी मुख्यतः पहिल्या काही आठवड्यांतली पाडसं उचलतात हे खरं, पण चार मारले की त्यांच्या जागी दुसरे येतात, आणि आमच्या भागात हरणं कमी पडल्याची तक्रार ना मक्याची शेती करणारा करतो ना गाडीचा विमा काढणारा. लांडग्यांचं म्हणाल तर 2021 च्या फेब्रुवारीत परवानेधारकांच्या वाट्याला 119 लांडगे मारायची मुभा आली होती, तीन दिवसही झाले नाहीत तोवर 218 मारून झाले. पुढच्या फेब्रुवारीत कोर्टाने संरक्षण परत लागू केलं. मी त्या गर्दीत नव्हतो, पण गाडीतल्या त्या रात्रीनंतर दुसऱ्याच्या हिशेबावर बोट ठेवण्याआधी जरा थांबतो.

तर रायफल. चार हंगामांत तीन हरणं, तिन्ही शंभर यार्डांच्या आत. सगळ्यात लांब गेलेलं चाळीस पावलांवर पडलं. मी जास्त चांगला नेमबाज झालो असं नाही; गोळी आवाजाच्या आधी पोचते, एवढंच. दहा-दहा वर्षं धनुष्य वापरून एकही जनावर न गमावलेले दोघे माझ्या ओळखीत आहेत. ते म्हणतील, तुझा हात कच्चा होता, आणि ते खोटं नाही. निसर्गसंवर्धनावर लिहिणारे आल्डो लिओपोल्ड याच मॅडिसनच्या विद्यापीठात शिकवायचे. तरुणपणी नैऋत्येच्या जंगलात त्यांनी स्वतः लांडगा मारला आणि नंतर मत बदललं. तेही हौशी धनुष्यवालेच, स्वतःची धनुष्यं स्वतः बनवणारे. म्हणजे शहाणी माणसं त्या बाजूला आहेत.

रायफलीत दोन खोड्या आहेत. एक, लांबचा मोह. समोरच्या टेकडीवर दिसलेलं जनावर उचलावंसं वाटतं. मी शंभरावर रेघ मारून घेतलीय. दुसरी, शिशाची गोळी आत फुटते, तिचे बारीक कण मांसात आणि आतड्यांत राहतात. टाकलेली आतडी खायला गरुड येतात आणि शिसं त्यांना भोवतं. तांब्याची गोळी घ्या. महाग आहे, पण हंगामाला लागतात किती?

मारलेल्या हरणाचं डोकं रोगासाठी तपासायला देणं दोन्हीकडे सारखंच. 2002 मध्ये याच भागात हरणांचा तो झिजवणारा रोग, सीडब्ल्यूडी, सापडला आणि अजून आहे. निकाल येईपर्यंत पाकिटं फ्रीझरमध्ये. कितीही शिजवून तो जात नाही, त्यामुळे आमच्या घरी निकाल आल्याशिवाय कांदा चिरला जात नाही.

तरीही धनुष्यच घ्यायचं असेल, तर पहिली दोन वर्षं फक्त सकाळी बसा. चुकलात तर माग काढायला दिवस हाताशी असतो. साखळीतला कुत्रा घेऊन माग काढून देणारे लोक आहेत, एखाद्याचा नंबर हंगामाआधी घेऊन ठेवा, आणि कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याला उन्हाळ्यातच भेटून या, जाताना काहीतरी गोडाचं घेऊन. माझं धनुष्य मी विकलेलं नाही. ऑक्टोबरात एखाद-दुसऱ्या पहाटे नेतो, आणि दहा वाजले की खाली उतरतो.