साधी तार की ताडून पाहिलेली तार?

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत तार पाठवताना दोन पर्याय होते. साधी तार एकदाच जाई. दीडपट पैसे भरले, तर पोहोचलेला मजकूर परत मागवून ताडून पाहिला जाई. चूक झाली तर साध्या तारेला फक्त तिचं शुल्क परत. ताडलेल्या तारेला शुल्काच्या पन्नास पटींपर्यंत भरपाई. फॉर्मच्या मागे हे सगळं छापलेलं असे.

हा फरक किती महागात पडू शकतो, ते वेस्टर्न युनियन या तार कंपनीविरुद्धच्या 'प्रिमरोज विरुद्ध वेस्टर्न युनियन' खटल्यात दिसतं. 1887 मध्ये फिलाडेल्फियाच्या प्रिमरोज या लोकर व्यापाऱ्याने कॅन्ससमधल्या आपल्या माणसाला सांकेतिक तार पाठवली. त्यात 'बे' म्हणजे 'मी खरेदी केली आहे'. पोहोचताना त्याचं 'बाय', म्हणजे 'विकत घे' झालं. तारेच्या टिंब-रेघांच्या मोर्स लिपीत 'ए' आणि 'यू' यांत फरक एका टिंबाचाच. त्या माणसाने इमानेइतबारे लोकर घेत सुटायचं काम केलं. नुकसान 20,000 डॉलरच्या वर. तार साधी होती, शुल्क 1.15 डॉलर. 1894 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेवढीच रक्कम मान्य केली.

कंपनीची बाजूही समजते: सांकेतिक शब्दांमागे किती पैसा अडकलाय, हे तिला कळणार कसं? तरीही चूक तिच्याच तारेवर झाली होती, आणि ती तपासायचे जादा पैसे मात्र गिऱ्हाइकाने भरायचे, हे मला पटत नाही. अर्थात पन्नास पटींनीही त्या व्यापाऱ्याला साठेक डॉलरच मिळाले असते. ताडून पाहण्याचा खरा फायदा भरपाईत नव्हताच. ते टिंब वेळेत सापडलं असतं.