एअर टॉवर की एआयओ? हार्ड डिस्क असलेल्या घरच्या पीसीसाठी

नवीन पीसी असेंबल करताना प्रोसेसर ठरतो, मदरबोर्ड ठरतो, रॅम ठरते आणि मग गाडी अडकते कूलरवर. टॉवर (धातूच्या पात्यांचा मनोरा आणि त्यावर फॅन, म्हणजे हवेचा कूलर) घेऊ का लिक्विड, म्हणजे एआयओ (पंप, नळ्या आणि रेडिएटर असलेला पाण्याचा सीलबंद कूलर)? मला गेल्या दोन महिन्यांत तिघांनी हेच विचारलं म्हणून एकदाच नीट लिहितोय. माझ्याकडे दोन्ही वापरून झालेत, एकाच रायझन ७ ५८००एक्स प्रोसेसरवर, एकाच कॅबिनेटमध्ये, मानपाड्याच्या त्याच बेडरूममध्ये. लॅबसारखं मोजमाप माझ्याकडे नाही, जे आकडे देतोय ते माझ्या खोलीतले आहेत, तुमच्याकडे दोन-चार डिग्री इकडेतिकडे होणारच.

माझं काम आधी सांगतो, कारण निर्णय त्यावर फिरला. शनिवार-रविवार लग्न-मुंजीचे व्हिडिओ एडिट करतो. म्हणजे रेंडर (एडिट केलेला व्हिडिओ शेवटी फाइलमध्ये उतरवणं) तासन्‌तास चालतो आणि लोकांचं रॉ फुटेज माझ्याकडे असतं, चार-चार टीबीच्या दोन हार्ड डिस्कवर. एसएसडीवर फक्त विंडोज आणि चालू प्रोजेक्ट. मुंजींचा सीझन एप्रिल-मे, म्हणजे पीसीवर सगळ्यात जास्त लोड नेमका तेव्हा येतो जेव्हा ठाण्यात खोलीचंच टेंपरेचर ३३-३४ असतं. कुठलाही कूलर, हवेचा असो की पाण्याचा, खोलीपेक्षा थंड काही करू शकत नाही. तुमची सुरुवातच ३४ पासून होते. एसीत टेस्ट केलेले आकडे बघून आपण खरेदी करतो आणि मग मे महिन्यात घाबरतो.

पहिल्यांदा मी २४० चा एआयओ (म्हणजे दोन १२० मिलिमीटरचे फॅन बसतील एवढ्या रेडिएटरचा) घेतला. ५८००एक्स मध्ये आठही कोर एकाच छोट्याशा चिपवर असल्यामुळे उष्णता एका जागी साठते, तो गरमच चालतो आणि त्याच्याबरोबर बॉक्समध्ये कूलर येतही नाही, म्हणून वाटलं लिक्विडच बरा. आणि खरं सांगायचं तर पहिले दीड वर्ष तो छान चालला. मोठ्या रेंडरला प्रोसेसर ७६-७७ डिग्री. नंतर लावलेला टॉवर तशाच रेंडरला ८१-८२ जातो, म्हणजे चार-पाच डिग्रीचा फरक एआयओच्या बाजूने आहे, ते मान्यच करायला हवं. मदरबोर्डभोवती जागाही मोकळी राहते, रॅमची उंची बघावी लागत नाही. ज्यांचं घर भाड्याचं आहे आणि ११ महिन्यांचं ॲग्रीमेंट संपलं की टेम्पोत सामान टाकायचं असतं त्यांना दीड किलोचा टॉवर बोर्डावर लटकलेला परवडत नाही, मी तर शिफ्टिंगच्या वेळी कॅबिनेट आडवं झोपवूनच न्या म्हणेन, नाहीतर सरळ कूलर काढून वेगळा न्या.

पावसाळ्यात एआयओवर दव धरेल का असं बरेच जण विचारतात. नाही धरत. पाणी खोलीच्या टेंपरेचरखाली जातच नाही तर दव कुठून येणार, ती भीती काढून टाका.

आता हार्ड डिस्कचं. माझ्या कॅबिनेटमध्ये वरती रेडिएटर बसत नव्हता, बोर्डाचे हीटसिंक आड येत होते, म्हणून पुढे लावला. पुढे लावला की बाहेरची हवा आधी रेडिएटरमधून जाते, तापते आणि तीच आत येते. शिवाय रेडिएटर बसवायला डिस्कचा पिंजरा मागे सरकवून एसएमपीएसच्या (वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) झाकणाखाली ढकलावा लागला, तिथे हवा पोचत नाही. प्रोसेसर खूश, डिस्क घामाघूम. मे महिन्यात क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) दोन्ही डिस्क ५२-५४ आणि आकडा पिवळा झालेला, तो ५० ला पिवळा होतो. घरगुती वापराच्या बहुतेक डिस्कला कंपनी ६० पर्यंत चालेल म्हणते. गूगलच्या लोकांनी २००७ मध्ये एक लाखावर डिस्कचा अभ्यास छापला होता, त्यातही टेंपरेचर आणि बिघाडाचा संबंध वाटतो तेवढा घट्ट निघाला नव्हता, फक्त फार जास्त तापलेल्या आणि जुन्या डिस्कमध्ये तो दिसला. म्हणजे ५३ ला डिस्क लगेच मरते असं नाही. पण माझी एक डिस्क पाच वर्षांची होती आणि तिच्यावर दुसऱ्याच्या मुलाची मुंज होती, मला झोप लागेना.

त्यातच कॉपी करताना एक्सप्लोरर दहा-पंधरा सेकंद गोठायला लागला. मी धरून चाललो की उन्हाने डिस्क गेली. नवी डिस्क ऑर्डर करणार तेवढ्यात स्मार्टचे आकडे (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) नीट वाचले. खराब जागा मोजणारे ०५, सी५ आणि सी६ तिन्ही शून्य, म्हणजे प्लॅटर (आतली फिरणारी तबकडी) ठीक. वाढत होता तो सी७, सीआरसी एररचा, म्हणजे डेटा इकडून तिकडे जाताना होणाऱ्या चुकांचा. तो बहुतेक वेळा डिस्कचा नसतो, केबलचा असतो. झाकण उघडलं तर पिंजरा मागे सरकवताना साटा केबल (डिस्क बोर्डाला जोडणारी) पत्र्याखाली दबून मुडपलेली. दीडशे रुपयांची केबल बदलली, गोठणं बंद. सी७ चा आकडा परत शून्य होत नाही, तो फक्त वाढायचा थांबला की समजायचं काम झालं. आणि उलट, सी५ किंवा सी६ वाढताना दिसला तर कूलरबिलर सगळं बाजूला ठेवा, आधी बॅकअप घ्या. गोठणं थांबलं तरी ५३ डिग्री होतेच, ते काही केबलने गेले नाहीत.

इथपर्यंत मी एआयओवर नाराज नव्हतो. निर्णय झाला तो पुढच्या एप्रिलमध्ये, तीन रविवार वाया गेले तेव्हा.

काही चालू नसताना पीसी ४५ ला असायचा तो ६० दाखवायला लागला, रेंडर लावला की अर्ध्या मिनिटात ९०, आणि ५८००एक्स ९० ला पोचला की स्वतःच क्लॉक (वेग) पाडतो, एक्सपोर्ट दुप्पट वेळ घेतो. पहिल्या रविवारी प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट बदलली. (एएम४ वाल्यांनी, म्हणजे ५८००एक्स बसतो त्या सॉकेटवाल्यांनी, लक्षात ठेवा, कूलर काढायच्या आधी पीसी दहा मिनिटं लोडवर गरम करा, बंद करून हळूहळू फिरवत काढा, नाहीतर सुकलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.) फरक नाही. दुसऱ्या रविवारी रेडिएटर साफ केला. आमच्याकडे घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामाची धूळ आणि त्यात खाडीचा दमटपणा, धूळ उडून जात नाही, नमद्यासारखी घट्ट बसते. आणि ती बसते फॅन आणि रेडिएटरच्या मध्ये, म्हणजे आठ स्क्रू काढून दोन्ही फॅन बाजूला केल्याशिवाय ती दिसतही नाही. साफ केलं, पुन्हा बसवलं, फरक नाही. बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) पंपाचा आरपीएम एकदम व्यवस्थित दाखवतोय, मग पंपावर संशय कसा घेणार? तिसऱ्या रविवारी प्रोसेसर ९० ला असताना मी सहज रेडिएटरला हात लावला. गार. एक नळी पंपाजवळ चटका देणारी आणि रेडिएटर गार, म्हणजे पाणी फिरतच नव्हतं. पंपाची मोटर फिरत होती, पण कॅबिनेट तिरकं केलं की आत गुळगुळ आवाज. नळ्यांच्या रबरातून वर्षानुवर्षं थोडं थोडं पाणी उडतं, हवेची जागा वाढते, किंवा आतल्या बारीक खाचांत गाळ बसतो, माझ्याकडे दोन्हीपैकी नक्की काय झालं ते मला कधीच कळलं नाही. कारण तो सीलबंद असतो, उघडायचा नसतो. मला खटकलं ते हेच. बिघडला हे कळायला तीन रविवार, कळल्यावर हातात काही नाही, वॉरंटीत पाठवा आणि बसा. चोवीस दिवस लागले. ऐन सीझनमध्ये चोवीस दिवस.

पीसी बंद ठेवणं शक्य नव्हतं म्हणून पुढच्याच शनिवारी ठाणे-दादर-ग्रँट रोड करून लॅमिंग्टन रोडवरून डीपकूलचा एके६२० आणला, वॉरंटीतून येईपर्यंत चालेल म्हणून. दोन टॉवर, सहा हीट पाइप, दोन फॅन. उंची १६० मिलिमीटर, तेवढी तुमच्या कॅबिनेटमध्ये मावते का ते घरून निघण्याआधी बघा. एआयओला मी जेवढे मोजले होते त्याच्या निम्म्याच्या आसपास पैसे लागले. दुपारी चारला पीसी चालू झाला आणि रात्री मुंजीचा टीझर गेला.

तो तात्पुरता आणलेला कूलर आजही तिथेच आहे. पुढची जागा रिकामी झाली, तिथे दोन साधे १४० चे फॅन लावले, डिस्कचा पिंजरा परत त्यांच्या तोंडासमोर आणला आणि त्याच मे महिन्यात डिस्क ४३-४४ वर आल्या. प्रोसेसरला पाच डिग्री जास्त दिल्या आणि दोन्ही डिस्कच्या दहा-दहा कमी केल्या, माझ्यासाठी हा सौदा फार चांगला आहे. ८२ सुद्धा नको असतील तर बायॉसमध्ये पीपीटी (प्रोसेसरने जास्तीत जास्त किती वॅट घ्यायचे ती मर्यादा) १४२ वरून ११५ च्या आसपास आणा, माझा रेंडर तासाला दोन-तीन मिनिटांनी लांबला आणि टेंपरेचर ७४ ला आलं.

आवाजाचं म्हणाल तर जवळपास सारखंच. रेंडरला टॉवरचा घूं आवाज येतो पण तो एकसुरी असतो, मुलगी त्याच खोलीत झोपते, तिला त्रास नाही. पंपाची ती बारीक किणकिण मात्र सगळं शांत असताना ऐकू यायची.

टॉवरमध्येही पाणी असतंच बरं का, त्या तांब्याच्या हीट पाइपमध्ये थोडंसं बंद केलेलं, तळाशी वाफ होते, वर पंख्यांपाशी पुन्हा पाणी होतं आणि आपोआप खाली येतं. पंप नाही. खराब होणारी वस्तू एकच, फॅन, तो डोळ्यांनी दिसतो, थांबला तर लगेच कळतं आणि कुठलाही १२० चा फॅन त्याच संध्याकाळी बसवता येतो. दर दोन महिन्यांनी रंगाचा ब्रश आणि ब्लोअर, पाच मिनिटं.

तरीपण एआयओ घेऊच नका असं मी म्हणणार नाही. इंटेलचा आय९ १४९००के सारखा, बूस्टला २५३ वॅटपर्यंत जाणारा प्रोसेसर दिवसभर पिळणार असाल तर टॉवर दमतो, तिथे ३६० घ्या. कॅबिनेट छोटं असेल आणि १६० ची उंची मावतच नसेल तरी एआयओच, मावेल त्या मापाचा. फक्त तो वरती बसवा, म्हणजे गरम हवा बाहेर जाते आणि आतली हवा रेडिएटरच्या टोकाला साठते, पंपात येत नाही. पुढेच लावावा लागणार असेल तर निदान रेडिएटरचं वरचं टोक पंपापेक्षा उंच राहील एवढं बघा. आणि घरात एक साधा टॉवर सुटा ठेवा, तो चोवीस दिवस कामाला येईल.

पण केसमध्ये फिरणाऱ्या हार्ड डिस्क असतील, खोलीत दिवसा एसी नसेल आणि पीसीवर कुणाचं तरी काम अडकत असेल, तर मी तरी टॉवरच घेईन, दुसऱ्यांदा विचार करणार नाही.

वॉरंटीतून बदलून आलेला नवा एआयओ बेलापूरला भाच्याच्या पीसीत वरती लावून दिला. त्याच्याकडे हार्ड डिस्क नाहीत, दोन्ही एनव्हीएमई एसएसडी आहेत, आणि खोलीत एसी आहे. दर महिन्याला तो रेडिएटरला हात लावून बघतो, गरम लागतो म्हणाला.