‘एक खांब तीन टन उचलतो’ : कार शेड बसवून घेण्याआधी हे वाचा

कार शेडच्या कामात गिऱ्हाईक फसतं ते बहुधा एका खऱ्या आकड्याला. फॅब्रिकेटर सांगतो, "72 बाय 72 मिमीचा चौकोनी पाइप आहे साहेब, एक खांब तीन टन उचलतो." यात खोटं काही नाही. 2.7 मीटर उंच, 2 मिमी जाडीचा असा खांब तळाशी पक्का आणि वर मोकळा धरला, तरी उभ्या भाराखाली तो लचकायला सुमारे 3 टन लागतात. पण शेड उभ्या भाराने पडत नाही, वाऱ्याने पडते, आणि ती गोष्ट कोटेशनमध्ये कुठेच नसते.

पुण्याचा हिशेब पाहा. इमारतींवरच्या भारांसाठी असलेल्या आयएस 875 या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर दिला आहे. वेगाच्या वर्गाला 0.6 ने गुणलं की दाब मिळतो : चौरस मीटरला 913 न्यूटन, म्हणजे साधारण 93 किलो. मुंबई-नागपूरला वेग 44, तिथे हाच दाब 118 किलोवर जातो. 5 बाय 3 मीटरच्या पत्र्यावर पुण्यात ढोबळमानाने 1400 किलोचा जोर येतो आणि तो पत्रा वर उचलतो. पत्रा आणि पर्लिन (पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्या) धरून छताचं स्वतःचं वजन मात्र दीडशे-दोनशे किलोच.

गाडी वळवायला सोपं म्हणून दोन्ही खांब भिंतीकडच्या एकाच बाजूला घेतले, तर हा जोर खांबापासून सरासरी दीड मीटरवर लागतो. छताचं वजन वजा करूनही प्रत्येक खांबाच्या बुडाशी 900 च्या आसपास मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, येतो (जोर किलोत गुणिले अंतर मीटरमध्ये). 72 चा 3.2 मिमी जाडीचा पाइप याच मापात साधारण 470 ला कायमचा वाकतो, 2 मिमीचा 310 ला आणि 1.6 चा 250 ला. म्हणजे जाडी प्रामाणिक असली तरी हा पाइप या कामाचाच नाही. अशा शेडचं डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून घ्यावं; त्याला पर्याय नाही.

त्यावर जाडीची चोरी होते. कोटेशनमध्ये "हेवी गेज" लिहितात, मिमी लिहीत नाहीत. दर चौरस फुटावर ठरला की पातळ पाइप वापरण्यातच फायदा. टोकाला कॅप वेल्ड करून रंग मारला की जाडी दिसायची सोय राहत नाही. म्हणून माल उतरताना, रंग लागण्याआधी, एक अख्खी 6 मीटरची लांबी काट्यावर ठेवा. 72 बाय 72 चा 3.2 मिमी पाइप सुमारे 40 किलो भरतो, 2 मिमीचा 26, आणि 1.6 चा 21. इतका फरक कुठलीही सबब झाकू शकत नाही. व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावायचा तर कापलेल्या टोकाची बर, म्हणजे कापताना राहिलेली खरखरीत कड, घासून, पाइपच्या वेल्डच्या शिवणीपासून दूर लावा.

सगळ्यात धोकादायक लबाडी मात्र जमिनीत असते. पेव्हर ब्लॉकवर किंवा तीन-चार इंचांच्या पीसीसीवर (सळईविना साध्या काँक्रीटवर) पातळ बेसप्लेट, म्हणजे खांबाच्या बुडाची पट्टी, ठेवून चार अँकर फास्टनर (भोक पाडून ठोकायचे बोल्ट) ठोकतात. चार कोपऱ्यांना चार खांब असलेल्या साध्या शेडमध्येही प्रत्येक खांब 300 किलोच्या जोराने वर ओढला जातो. तेवढं धरून ठेवायला निदान 450 बाय 450, खोली 750 मिमी असा काँक्रीटचा ठोकळा हवा (वजन साधारण 365 किलो), आणि त्यात बोल्ट ओतकामाच्या वेळीच बसवलेले हवेत. खड्ड्याचा फोटो टेप लावून काढा आणि तो पाहिल्याशिवाय पुढचा हप्ता देऊ नका.

एका बाजूच्या खांबांवर शेड आधीच उभी असेल, तर मोकळ्या कडेला दोन खांब वाढवा, पण पायासकट. नुसते टेकू दिले तर ते खाली येणारा भार घेतील, वर उचलणाऱ्या वाऱ्याला काहीच धरणार नाहीत. आणि नवे खांब लागेपर्यंत वादळी पावसाचा इशारा आला की गाडी शेडबाहेर काढा, शक्य असेल तर पत्रेही उतरवून ठेवा.